मोठ्या इंजिनावर गरी ओढावी का?

पत्र

काका, मी देवगड तालुक्यातला, वय २८. नोकरी तालुक्याच्या गावी, समुद्र फक्त रविवारी. गेल्या दिवाळीत १८ फुटी फायबरची होडी आणि तिच्यावरचं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लावायचं इंजिन, असं दोन्ही मिळून सेकंडहँड घेतलं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोरीने सुरू होतं, हँडलवर चालतं. गरीला जिवंत बांगडा लावून, ती होडीमागे ओढत सावकाश फिरायचं आणि सुरमई काढायची, हा बेत. पण गियर टाकून हँडल अगदी शून्यावर ठेवलं तरी मोबाईल ताशी पाच-सहा किलोमीटर दाखवतो आणि बांगडा दहा मिनिटांत मरतो. तासाभराने वेग वाढवायला गेलं की इंजिन गुरगुरतं, धूर ओकतं, मग कुठे उचल घेतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हळू चालवायचं असेल तर तेल दुप्पट घाल, म्हणून मी लिटरला ४० मिली घालतो. मित्र म्हणतात, मोठं इंजिन असं रांगवून मारशील, दुसरं छोटं घे. एकाने रॉकेलही सुचवलंय. बाबा म्हणतात, त्यापेक्षा वल्हव. काय करू?

उत्तर

ओढ की! मोठ्या इंजिनावरच ओढ. मी मालवणात तीस वर्षं तेच करत आलो. दुसरं इंजिन घ्यायला माझ्याकडे तेव्हा पैसे नव्हते, आणि पैसे आले तेव्हा सवय झाली होती.

मित्रांचं म्हणणं मात्र अगदीच फुकट घालवू नकोस. हळू चालवल्याने इंजिन मरत नाही. हळू चालवून, तसंच ओलं-काजळलेलं बंद करून, पुढच्या रविवारपर्यंत झाकून ठेवल्याने मरतं. गंमत अशी की तुझ्या पत्रात इंजिनापेक्षा त्या लिटरमागच्या ४० मिलीने माझं लक्ष जास्त वेधलं. म्हणून आधी तेल, मग बांगडा.

तुझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत पेट्रोल-तेलाचं प्रमाण दिलेलं असेल. या जातीच्या बहुतेक इंजिनांना ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. ४० मिली म्हणजे २५:१. ते प्रमाण नवं इंजिन मुरवताना, पहिल्या काही तासांपुरतं वापरतात. मुरलेल्या इंजिनाला ते रोज पाजणं म्हणजे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू घरातल्या सगळ्यांनी वर्षभर खाण्यासारखं आहे. मंद गतीवर टू-स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये आधीच नीट जळण होत नाही. आत येणारा ताजा वायू जुना धूर पुरता बाहेर ढकलू शकत नाही, दोन्ही मिसळतात आणि अर्धवट जळलेलं तेल मागे उरतं. त्यात तू तेल दुप्पट केलंस. ते प्लगच्या टोकावर बसलं, पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत बसलं, धूर बाहेर जायच्या भोकाशी बसलं. मग तू हँडल फिरवलंस की ओला प्लग ठिणगी देईना, एक सिलिंडर झोपून राहिलं आणि दुसऱ्याने एकट्याने होडी ओढली. ते गुरगुरणं म्हणजे हेच. आतलं साठलेलं तेल जळून गेलं की दोन्ही सिलिंडर कामाला लागतात आणि तू म्हणतोस तशी उचल येते.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक नसावी. तेल वाढवलं की त्याच मापाच्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं. कार्बोरेटरच्या जेटमधून जायचं ते मिश्रण तेवढंच जातं, त्यातलं जळणारं घटतं. जपायला म्हणून केलेली गोष्ट पुऱ्या वेगावर इंजिनाला उलट तापवू शकते. तेव्हा टाकीत जे आहे ते संपव, नाहीतर पुस्तिकेच्या हिशेबाने साधं पेट्रोल घालून प्रमाणावर आण. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असू दे. स्कूटरचं टू-स्ट्रोक तेल स्कूटरसाठी असतं. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होतं, त्याचं तेल वेगळ्या विचाराने बनवलेलं असतं. कोणी म्हणेल, पन्नास रुपये वाचतात. वाचतात खरे.

रॉकेलचं एका ओळीत: तुझं इंजिन रॉकेलसाठी बनवलेलं नसेल तर विसर. रॉकेलची आउटबोर्डं असतात, ती पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणतात. त्यांच्याही पोटात मंद गतीवर रॉकेलची वाफ धड होत नाही. तुला जे करायचंय नेमकं तेच रॉकेलला जमत नाही.

आता एक गोष्ट जी तू लिहिली नाहीस, कारण तू पाहिली नसणार. सेकंडहँड इंजिन आहे, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवून धरणारी झडप, जागेवर आहे का, ते पाहा. आपल्याकडे "गरम होतंय" म्हणून एखादा मेकॅनिक तो काढून फेकतो आणि झाकण परत लावून देतो. मी स्वतः अशी कितीतरी झाकणं उघडली आहेत, आत नुसती पोकळी. थर्मोस्टॅट नसला किंवा उघडा अडकला की समुद्राचं थंड पाणी सतत सिलिंडरभोवती फिरत राहतं. पुऱ्या वेगावर ते चालून जातं. पण तास-दोन तास रांगताना इंजिन कधी तापतच नाही, आणि थंड इंजिनात काजळी दुपटीने धरते. तपासायला कारखाना लागत नाही. थर्मोस्टॅट काढ, दोऱ्याला बांधून पाण्याच्या टोपात लोंबकळत सोड, तळाला टेकू देऊ नकोस. टोप चुलीवर ठेव. पाणी हाताला चटका देऊ लागलं की, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, त्याची झडप हळूच उघडायला हवी आणि गार पाण्यात घातली की मिटायला हवी. नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच छापलेला असतो. टोप आईला विचारून घे. मी विचारलं नव्हतं.

तर थर्मोस्टॅट ठीक आहे, तेल मापात आहे, असं धरू. मग समुद्रात करायचं ते एवढंच: दर वीस-पंचवीस मिनिटांनी गऱ्या आत घे आणि तीन-चार मिनिटं अर्ध्याहून जास्त हँडल देऊन होडी पळव. तुला वाटेल मासेमारीचा खोळंबा. खोळंबा नाही, तीच तुझी जागा बदलायची वेळ. बांगडा तपास, गरी गवतात अडकली असेल तर सोडव, पाण्याचा थोडा वेगळा पट्टा धर. आणि घरी येताना शेवटची पंधरा मिनिटं तीन-चतुर्थांश हँडलवर ये, बंदराच्या तोंडाशी आणि इतर होड्यांजवळ अर्थातच नाही. इंजिन तापून, आतलं तेल जळून मगच बंद झालं पाहिजे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं तू करतोसच असं समजतो. करत नसशील तर बाकीचं पत्र वाचू नकोस, आधी ते कर.

प्लगचे दोन जास्तीचे नग, प्लग-पाना, थोडा पॉलिश पेपर आणि सुकं फडकं हे एका झाकणाच्या डब्यात भरून होडीत कायमचं ठेव. आमची एक जुनी गोष्ट सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला तीन तास एका दमात गरी ओढली, एकदाही वेग दिला नाही, कारण मासा लागत होता. चार सुरमया आत आल्या होत्या, तिसरी तर हाताएवढी जाड. मतलई वारा पडला, ऊन चढलं, परत फिरायला हँडल दिलं आणि इंजिन दोनदा शिंकून गप्प. बारा-पंधरा वेळा दोरी ओढली. प्लग काढले तर दोन्ही काळे, ओले, जणू तेलात तळलेल्या लवंगा. जास्तीचे प्लग घरी, फळीवर. शेवटी काड्यापेटीच्या खरखरीत बाजूने टोकं घासली, पेट्रोलात बुडवून फडक्याने पुसली, वाऱ्यावर सुकवली, आणि तोवर पाणी आम्हाला खडकांकडे नेत होतं. सुरू झालं. घरी सुरमईचं तिखलं झालं आणि मी जेवलो नाही. तेव्हापासून तो डबा होडीत आहे.

प्लगबाबत एक मोह टाळ. कोणीतरी सांगेल, "गरम" जातीचा प्लग लाव, ओला होणार नाही. ओला होणार नाही हे खरं. पण तोच प्लग पुऱ्या वेगावर इतका तापतो की पिस्टनला भोक पाडू शकतो. पुस्तिकेत जो नंबर आहे तोच लाव.

आता बांगडा. तुझी खरी अडचण इथे आहे.

४० हॉर्सपॉवरचा पंखा १८ फुटी रिकाम्या होडीला गियरमध्ये असताना तीन नॉटच्या आसपास ढकलणारच. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे तुझा मोबाईल खोटं बोलत नाही. जिवंत बांगड्याला मात्र एक ते दोन नॉटच सोसवतात. त्यापुढे तो पोहत नाही, ओढला जातो, तोंड उघडं राहतं, श्वास कोंडतो आणि मरतो. मेलेला, नीट शिवून सरळ केलेला बांगडा दोन ते चार नॉटला छान चालतो. आणि तोंडाला पाती असलेले प्लास्टिकचे कृत्रिम मासे चार ते सहा नॉटला चालवलेले सुरमईला आवडतात. तेव्हा पहिला सल्ला खर्चाचा नाही: हा हंगाम मेलेला बांगडा आणि कृत्रिम मासा यांवर काढून बघ. तुझ्या होडीचा स्वभावच तीन नॉटचा असेल तर तीन नॉटला खाणारी सुरमई शोध. ती असते.

पण तुला जिवंतच लावायचा असेल, आणि मला ठाऊक आहे की तुला तोच लावायचा आहे, तर आधी तुझा खरा वेग मोज. मोबाईलचा वेग जमिनीच्या हिशेबाने असतो. बांगड्याला जमिनीशी काय घेणं? त्याला पाणी कळतं. ओहोटीचं पाणी दीड नॉटने बाहेर जात असेल आणि तू त्याच्या विरुद्ध तोंड करून जात असशील, तर मोबाईल दीड नॉट दाखवेल आणि बांगडा बिचारा तीन नॉट सोसत असेल. तू म्हणशील, आज वेग अगदी बरोबर होता तरी मासा का मेला. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हा फरक फार मोठा होतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. गरी ओढायला नवखा असशील तर भांगाचे रविवार निवड.

पाण्यातला वेग मोजायला नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, घे. सुपारीएवढे तुकडे कर, डबाभर ठेव. एकाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसून तुकडा होडीच्या बाजूला, पुढे न फेकता सरळ खाली टाकायचा आणि "हां" म्हणायचं. दुसऱ्याने हँडलजवळ बसून तो तुकडा इंजिनाशी येईपर्यंत सेकंद मोजायचे. तुझी होडी १८ फुटी, म्हणजे साडेपाच मीटर. सात सेकंद लागले तर वेग दीड नॉट. पाच सेकंदांहून थोडं जास्त, तर दोन नॉट. साडेतीन सेकंदांत तुकडा मागे आला, तर तीन नॉट, म्हणजे बांगडा मरणार. शिडाच्या जहाजांवरचे लोक लाकडाच्या तुकड्यावर हेच करायचे. कुठलंही यंत्र तुला इतका स्वस्त आणि इतका खरा आकडा देणार नाही.

मोजून झालं आणि वेग जास्तच निघाला, तर तो कमी करायचे तीन रस्ते मी वापरले आहेत, आणि एक मी कधीच वापरला नाही.

सगळ्यात चांगला बादलीचा. दहा-बारा लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या घे. कडी वापरू नकोस, पहिल्याच दिवशी निघून येते. काठाखाली समान अंतरावर चार भोकं पाड, चार दोऱ्या ओवून पुढे एका गाठीत आण, पतंगाची कणी बांधतात तशी. बुडाला एक बोटभर भोक पाड, म्हणजे बादली डुगडुगणार नाही. एक बादली डाव्या अंगाला, एक उजव्या, नाळेच्या थोडं मागे बांध. दोरी चार-पाच फुटांहून जास्त सोडू नकोस. होडी वळली, मागे आली, काहीही झालं तरी बादली पंख्यापर्यंत पोचू शकणार नाही, इतकीच दोरी. मागच्या बाजूला बादली कधीच बांधू नकोस. लाट मागून आली तर बादली होडीचं ढुंगण धरून ठेवते आणि लाट आत येते. बुडाच्या भोकातून एक बारीक वेगळी दोरी आत घेऊन ठेव. तीच ओढली की बादली उलटी होऊन पाणी सोडून हलकी वर येते. माझ्या होडीवर दोन बादल्यांनी साडेपाच किलोमीटरचे चार झाले. बादल्या पाण्यात असताना वेग द्यायचा नाही आणि मागेही घ्यायचं नाही. मोठा मासा लागला तर आधी बादल्या आत, हे ज्याच्याकडे रॉड नाही त्याचं काम.

दुसरा, गियर टाकणं-काढणं. दहा सेकंद गियर, दहा सेकंद न्यूट्रल. यात बांगडा मधल्या वेळात स्वतःहून खाली पोहतो, मग परत ओढला जातो, आणि पुष्कळदा सुरमई त्या खाली जाण्याच्या क्षणीच धरते. पण दोन गोष्टी सांभाळ. गियर हलक्या हाताने, कुरकुरत घालायचा नाही. इंजिन शून्यावर असताना एकदाच कट्टकन. हळू घातला तर आतले दात एकमेकांवर घासतात, त्यांच्या कडा गोल होतात, आणि मग एक दिवस वेगात असताना गियर आपोआप सुटतो. दुसरी गोष्ट, परत गियर टाकण्याआधी मागे बघ. न्यूट्रलमध्ये तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, सैल पडतो आणि पंख्याच्या खाली येऊन बसतो.

तिसरा रस्ता कमी पीचचा पंखा, म्हणजे एका फेऱ्यात होडीला कमी पुढे ढकलणारा. गरी ओढणं हेच मुख्य काम असेल तर ठीक, नाहीतर पुऱ्या वेगावर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. तुझ्यासारख्याला, ज्याला जाऊन परतही यायचंय, मी तो सुचवत नाही. आणि पंख्यामागे लावायची ती लोखंडी झडप, जी खाली पाडली की पाण्याचा जोर अडवते, ती मी कधी लावली नाही. चांगली चालते म्हणतात. पण झडप वर न करता हँडल देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि वाकलेल्या झडपाही.

जे करू नकोस ते असं: कार्बोरेटरचा स्क्रू सोडून शून्याची गती पुस्तिकेपेक्षा खाली आणू नकोस. बंदरात ऐकायला गोड वाटतं, टुक-टुक-टुक. बाहेर गियर टाकला की बंद पडतं, आणि बंद पडायला नेमकी खडकाजवळची जागा निवडतं.

आणि पाण्याला ओढ असेल, वारा मंद असेल, तर एवढा खटाटोप तरी कशाला? इंजिन बंद करून बादल्यांवर वाहत जा. मात्र इंजिन गरम असताना बंद कर, आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकदा सुरू करून खात्री कर की ते अजून आपलं ऐकतंय.

तंगुसाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. पंख्यात नायलॉन किंवा वेणीची दोरी एकदा तरी जाणार. कापून काढलीस आणि पुढे निघालास, ठीक. पण त्या रात्री पंखा उघडून मागचा दांडा बघच. दोऱ्याचे दोन-तीन वेढे आत राहतात, ते दांड्याबरोबर फिरत तिथलं रबराचं सील कापतात आणि खारं पाणी गियरच्या तेलात शिरतं. तळाचा स्क्रू सोडून दोन थेंब बोटावर घे. तेल मधासारखं दिसलं तर देवाची कृपा. ताकासारखं पांढरट दिसलं तर सील गेलं, त्याच आठवड्यात बदल. लांबवलंस तर पुढचा खर्च सीलचा नसतो, गियरचा असतो.

रांगताना इंजिनातून बाजूला पडणारी ती पाण्याची बारीक धार सतत नजरेच्या कोपऱ्यात ठेव. ती थांबली किंवा वाफाळली तर लगेच बंद. पुष्कळदा पंपाचा दोष नसतोच, मिठाने त्या धारेची नळी तुंबलेली असते. तुझ्याच पेटीतला जाड तंगूस वीतभर कापून आत सरकव, मोकळी होते. तरी धार नाही आली तर खाली पाणी घ्यायच्या जाळीवर पिशवी चिकटली आहे का बघ. तेही नसेल तर पंपातलं रबरी चाक. सेकंडहँड इंजिनाचं ते चाक किती जुनं आहे हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून घेतल्या-घेतल्या बदलायचं. तू बदललंस का?

वाऱ्याची दिशाही बघ. वारा मागून असेल आणि तू रांगत असशील तर सगळा धूर तुझ्याच तोंडावर येतो. दोन तास तो धूर घेतलास की डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो बोट लागली. बोट नाही, धूर लागला. वाऱ्याला तिरकं किंवा समोर जा.

वळताना मोठा वळसा घे. आणि वळणावर डोळे उघडे ठेव, कारण तिथे समुद्र तुला फुकट माहिती देतो. बाहेरच्या अंगाची गरी वळणावर वेग घेते, आतल्या अंगाची मंदावून खाली बसते. मासा बाहेरच्या गरीला लागला तर त्या दिवशी वेग वाढव. आतल्या गरीला लागला तर कमी कर. मासा लागला की लगेच इंजिन बंद करायची घाई नको. दोन-चार सेकंद गियरमध्येच राहू दे, गरी बसू दे, मग न्यूट्रल. सुरमईचे दात ठाऊक आहेतच, गरीच्या वर तार हवी.

एक भांडणाचं. पहाटे जाळ्यांचे बावटे दिसले की दोन बावट्यांच्या मधून गरी ओढायची नाही. दिसत नसलं तरी मध्ये कोणाचं तरी जाळं आहे, आणि रविवारच्या हौसेपुरता येणाऱ्याने पोटावर जगणाऱ्याचं जाळं फाडलं तर पुढे बंदरावर तुला कोणी दोरी धरायला येणार नाही. आणि कधी मालवणकडे आलास तर किल्ल्याच्या आसपासचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, कुठे काय चालतं ते आधी विचारून घे.

राहता राहिलं दुसरं छोटं इंजिन. मित्रांचा सल्ला मला पटतो, पण त्यांच्या कारणासाठी नाही. मोठं इंजिन वाचवायला छोटं घेऊ नकोस, स्वतःला परत आणायला घे. सहा ते दहा हॉर्सपॉवरचं, स्वतःची वेगळी टाकी असलेलं. एकाच टाकीवर दोन्ही असतील तर पेट्रोलात पाणी गेलं की दोन्ही एकदम बसतात आणि तू मध्ये. त्याचं पंचवीस ते चाळीस किलो वजन १८ फुटी होडीच्या मागच्या टोकावर एका बाजूला येईल, ते सामान पुढे सरकवून सावर. बॅटरीवरचं मोटर कोणी सुचवलं तर खाडीसाठी छान. बाहेरच्या पाण्यात ५५ पौंड जोराचं मोटर पूर्ण जोरावर सुमारे ५० अँपिअर खातं, म्हणजे १०० अँपिअर-तासांची मोठी बॅटरी कागदावर दोन तास, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. ओहोटीशी झुंजायला ते नाही.

छोटं इंजिन येईपर्यंत वल्ही, नांगर, पुरेशी दोरी, भरलेला मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि अंगात लाइफ जॅकेट. अंगात म्हणतोय, बाकाखाली नाही. हँडलचं इंजिन आहे, तर बंद करायची ती लाल दोरी मनगटाला अडकव. रांगत्या होडीतून माणूस पडला की होडी थांबत नाही, ती तीन नॉटने निघून जाते आणि तीन नॉटने कोणी फार वेळ पोहत नाही. पेट्रोलाचे तीन भाग कर: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. रांगताना तासाला दीड-दोन लिटरच जातं म्हणून माणूस बेसावध होतो. परतीला वारा समोर उभा राहिला की तेच इंजिन तासाला पंधरा-वीस लिटर मागतं.

बाबांना सांग, वल्हवायला मी तयार आहे, पण तुम्ही सोबत या. त्यांना नाळेवर बसव, सोडणाच्या तुकड्यांचा डबा त्यांच्या मांडीवर दे आणि "हां" त्यांनाच म्हणू दे. किती सेकंद निघाले ते मला कळव, बादल्या होडीत असताना आणि पाण्यात असताना, दोन्ही.